ठिपक्याचं ते आईचं

रक्तात हिपॅटायटिस बी निघाला, तेव्हापासून आईने स्वतःच्या कपाला, ताटाला, कंगव्याला लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवला होता. "ठिपक्याचं ते आईचं, हात लावायचा नाही," असं लेकीला बजावलेलं. पापा घेणं तर बंदच.

आज लेकीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "लस छान लागू पडलीये. खुशाल जवळ घ्या, एका ताटात जेवा. ब्रश आणि नेलकटर तेवढे वेगळे ठेवा."

आईचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन बघते तर लेकीच्या नाकाच्या शेंड्यावर हा एवढा लाल ठिपका.

"अगं, हे काय केलंस?"

"ठिपक्याचं सगळं तुझं ना? मग मी पण."

आईने तिला ओढून घेतलं आणि नाकाला नाक घासलं. ठिपका अजून ओला होता. लागला तो आईलाच.