अण्णांची ओळ

मृदुलाने वडिलांचा अर्धांगवायूने लुळा पडलेला पाय मांडीवर घेतला आणि पोटरी दाबली. तशी टेबलावरच्या लॅपटॉपवर तिच्या स्प्रेडशीटमध्ये आपोआप नवी ओळ उमटली : फिजिओथेरपी, ग्राहक अण्णा केंजळे, शुल्क शून्य. ओळ लाल झाली.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांच्या बोटांत करखात्याने चिप बसवल्यापासून शीटमध्ये हाताने काही लिहिता किंवा खोडता येत नसे. फुकट सेवा म्हणजे लपवलेलं उत्पन्न. संध्याकाळपर्यंत ओळ लाल राहिली, तर मृदुलाचा परवाना जाणार होता.

"अण्णा, तुम्हाला पेन्शनमधून मला फी द्यावी लागेल," ती मान खाली घालून म्हणाली. "मी ती घरातच खर्च करीन."

"बापाकडून फी?" अण्णा म्हणाले. मग त्यांनी फोनवरून पैसे पाठवले. ओळ हिरवी झाली. मृदुलाला हायसं वाटलं.

"आता जोर लाव," ते म्हणाले. "पैसे मोजलेत."

तिने तासभर पाय चोळला. हात धुऊन ती परत आली, तेव्हा अण्णा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो, उद्यापासून तुम्हीच या. आत्ता येते ती बाई महाग पडते."