घुबडाने ऐकू नये असं नाव

अंगणातल्या कडुनिंबाच्या ढोलीत घुबड होतं, म्हणून नलूआजी सांज झाली की नातीला नावाने हाक मारत नसे. घुबडाने लेकराचं नाव ऐकलं की ते रात्रभर तेच घोकत बसतं आणि लेकरू झिजत जातं, हे तिच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. "ए माय, ये घरात," एवढंच म्हणायची. तरी जिवाची धाकधूक जाईना. शेवटी उन्हाळ्यात तिने घुबडाला हुसकावून लावलं आणि ढोली सिमेंटने बुजवून घेतली.

पावसाळ्यात तुरीच्या पोत्यांमध्ये उंदरांनी नुसता धुमाकूळ घातला. एका दुपारी चेंडू काढायला नातीने पोत्यांमागे हात घातला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सर्पमित्राने पोती हलवून नाग पकडला. बरणीचं झाकण लावत तो म्हणाला, "उंदरांच्या मागं आला हा, आजी. इकडं घुबडं नाई राह्यली काय?"

आजीची नजर कडुनिंबावरच्या सिमेंटकडे गेली. त्या दिवसापासून घरात पोरीचं नाव कोणी काढलं नाही.

महिन्याभराने सांजेला घुबड परत आलं आणि बुजवलेल्या ढोलीपाशी बसलं. सून काठी घेऊन धावली. आजीने तिच्या हातातली काठी काढून घेतली, झाडाखाली जाऊन वर पाहिलं.

"काजल," ती म्हणाली. "काजल नाव होतं तिचं. घोक बापा रातभर. मले ऐकू दे."