काढ

“कुंदाबाईंचं रेकॉर्डिंग काढलं आहे,” पडद्यावर उत्तर आलं. हेमांगीने हेडफोन कानाला लावला आणि फाईल शोधू लागली. फाईल कुठेच नव्हती.

पिंप्राळ्यातल्या त्या छोट्या कंपनीने खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज साठवणारी एक यंत्रणा बांधली होती. साठ्यातली सगळी कामं आता एआय एजंट करायचा. त्याने कोणत्या शब्दावर काय करायचं, ते एका पानावर लिहिलेलं होतं. ते पान तिथेच काम करणाऱ्या, मूळच्या धुळ्याच्या हेमांगीने लिहिलं होतं. आपला आवाज ठेवू नका, असं कुणी म्हटलं तर तो पुरता जायला हवा, म्हणून तिने लिहिलं होतं: “‘काढ’ म्हटलं की नोंद सगळ्या प्रतींसह नष्ट करावी. पुन्हा विचारत बसू नये.” आणि आज घाईघाईत तिनेच एजंटला सांगितलं होतं, “नशिराबादच्या कुंदाबाईंचं रेकॉर्डिंग काढ.” तिला ते ऐकायला हवं होतं. माणसाला ते कळलं असतं. एजंटने पान वाचलं आणि पानाप्रमाणे केलं.

कुंदाबाईंना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यांची वाचा गेली होती. त्यांचा मुलगा जितेंद्र सकाळीच फोनवर म्हणाला होता, “माय तवापासून एक शब्द बोलेल नही, ताई. तिचं गाणं तेवढं तुमच्याजवळ हाये. मोबाईलवर टाकून द्या.” ज्या फोनवर ते गाणं टिपलं होतं, तो तर केव्हाच मोडीत गेला होता.

मालक पुनीतने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरला होता. “सांगून टाक, रेकॉर्डिंग मुळातच खराब होतं. कोण तपासायला येतंय?”

“खराब नव्हतं, सर. मी कितीदा ऐकलंय ते.”

“मग आधी ते पान दुरुस्त कर. ‘काढ’च्या जागी ‘पूस’ लिही.”

“आपल्याकडे ‘पूस’ म्हणजे ‘विचारून घे’ सुद्धा होतं,” हेमांगी म्हणाली. तिने सरळ लिहिलं: ‘कायमचं नष्ट कर’. ऐकण्यासाठी काढायचं असेल तिथे लिहिलं: ‘शोधून ऐकव’. खाली आणखी एक ओळ घातली: “शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर थांबावं आणि माणसाला विचारावं.” लिहिताना तिचं तिलाच वाटत होतं, घर जळून गेल्यावर आपण विहीर खणतोय. मग तिने पर्स उचलली आणि नशिराबादची रिक्षा धरली.

जितेंद्र ओट्यावरच वाट बघत उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. घरात कुंदाबाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडून होता. डोळे तेवढे जागे होते.

हेमांगीने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच तिने सांगितलं. काय झालं, कुणामुळे झालं, काहीच झाकलं नाही.

जितेंद्र म्हणाला, “यंत्राचं जाऊ द्या, ताई. तुम्हाले तर कयत होतं ना?”

‘कळत’ला ‘कयत’ म्हणणाऱ्या बोलीतही प्रश्न अगदी सरळ होता. जितेंद्र पाठ फिरवून दारात जाऊन उभा राहिला. हेमांगी खाटेच्या कडेला टेकली. कुंदाबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. त्यांना काय समजलं होतं, कोण जाणे.

“अक्का, माफ करा,” ती म्हणाली. जे गेलं होतं ते तिला सबंध पाठ होतं, तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं. तिला गाता गळा नव्हता. तरी ती हलक्या आवाजात म्हणू लागली:

“केळीच्या पानाआड चांद निजला...”

खाटेच्या लाकडावर थाप पडली. कुंदाबाईंचा डावा हात होता. कपाळावर आठ्या पडल्या होत्या. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले.

“के...” घशातून खरखर आली. “केयीच्या!” हेमांगीने ‘केळी’ म्हटलं होतं; त्यांच्या गाण्यात ती ‘केयी’ होती.

जितेंद्र गर्रकन वळला.

“केयीच्या पानाआड चांद निजला,” कुंदाबाईंनी म्हटलं. बोलून नाही, गाऊन. आवाज फाटका होता, पण सूर जागच्या जागी होता. ओळ संपली आणि त्या थांबल्या. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा सुन्न झाला. जितेंद्रने मोबाईल काढला. “माय, म्हन ना. पुढचं म्हन.” कुंदाबाई नुसत्या बघत राहिल्या.

पुढची ओळ हेमांगीला अगदी शब्दन् शब्द येत होती. तिने ती मुद्दाम चुकीची म्हटली.