दुसरं कार्ड

१.४०
जयरामने चालू कार्ड खेचून काढलं आणि गावातून बाहेर जाणारे सगळे फोन मेले.

धसईच्या पुढे, डोंगराखालचं एका खोलीचं एक्स्चेंज. फायबरच्या पेटीत एकसारखी दोन कार्डं. एक बिघडलं की दुसरं क्षणात काम उचलतं. पहिलं तीन आठवड्यांपूर्वी गेलं. दुसऱ्याने उचललं. कुणाला कळलंही नाही, आणि घोटाळा तिथेच झाला.

"फोन चालू आहेत ना? मग बिघाड कुठंय?" वरचे साहेब म्हणाले. "लोकांची तक्रार आणा, नवं कार्ड देतो."

जयरामची लेक रविना माहेरी आलेली. पहिलटकरीण, दिवस भरलेले. जीप बोलवायची ती मुरबाडहून, फोनवर. उरलेलं कार्ड ऐन वेळी गेलं तर? म्हणून त्याने दुपारची सामसूम निवडली. थोडा वेळ फोन बंद, वहीत एक तक्रार, एक सही. पुरे.

१.५०
कुणी आलं नाही.

१.५५
कुणी आलं नाही. वही काखेत मारून तो समोरच्या कोंडूच्या दुकानात गेला.

"फोन बंद हाय का रे तुझा?"

"आसंल."

"मग लिव ना तक्रार."

"जा रे! आपल्याच मानसाच्या पोटावर पाय देऊ?" कोंडूने वही न उघडता परत केली. वर चहा पाजला.

२.१०
एक्स्चेंजच्या दारात बायको उभी. जना. धापा टाकत.

"रविनाला कळा सुरू झाल्यात."

जयरामने टेबलावरचं कार्ड उचललं. ते खाचेत बसेना. दोनदा तिरकं गेलं. तिसऱ्यांदा बसलं. हिरवा दिवा लागला. तो मुरबाडचा नंबर फिरवू लागला.

"माझी चूक झाली गो. मीच बंद केलावता. तू कवाची लावत व्हतीस?"

"काय लावत व्हते?"

"फोन. जीपला."

"जीप भायेर उभी हाय. रविना बसलीय तिच्यात."

रिसीव्हर त्याच्या हातात तसाच राहिला. "कुनी बोलवली?"

"परवापासनं बुधूच्या खळ्यात उभी करून ठेवलीय. डायवर जेवतो-झोपतो तिकडंच. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले नाय." जनाने रिसीव्हर काढून जागेवर ठेवला. "पंचवीस वर्सं फोनवाल्याची बायको हाय मी. पोरीच्या येळंला फोनवर इसंबू व्हय?"