होडीचं दुसरं टोक

"आधी तू चढ," तो म्हणाला. "पहिला मान बायकांचा."

हेटीनं स्कर्ट सावरला आणि होडीत पाय टाकला. गेल्या आठ दिवसांत हे वाक्य तिनं दहा वेळा ऐकलं होतं. जिन्यावर, दारात, बसमध्ये चढताना. शेजारच्या बायका त्या सभ्यपणावर खूश होत्या. तिच्या भावाला, क्लेमला, असली रीतभात कधीच नव्हती. पण बत्तीस वर्षांत माणूस सुधारतो, असं आईचं म्हणणं.

आईचं काय, तिला तो क्लेमच असायला हवा होता. नव्वदी गाठलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पांढऱ्या दाढीचा एक माणूस दारात येऊन "आई" म्हणाला आणि तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "आपल्या कुत्र्याचं नाव आठवतं का रे?" असं विचारायची आणि "टॉफीच ना?" म्हणून स्वतःच सांगून मोकळी व्हायची. अशा परीक्षेत कोण नापास होणार?

क्लेम गेला तो असल्याच एका जूनमध्ये. सुटकेस घेऊन स्टेशनकडे जाताना त्याला शेवटचं पाहिलं ते हेटीनं. पोलिसांनाही तिनंच तसं सांगितलं होतं. तेव्हापासून आईचं सगळं तीच करत आली. आणि आता चांगली खुर्ची त्याला, चहाचा पहिला कप त्याला. उद्या रविवारी, चर्च सुटलं की आई सगळ्या गल्लीला घरी बोलावून सांगणार होती, माझा लेक परत आला. एकदा तसं झालं की त्याला घराबाहेर काढणं हेटीच्या हातात राहणार नव्हतं.

हा क्लेम नव्हे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तरी त्याच्या बुटांकडे तिचं लक्ष जाई. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही आणि दाराशी काढलेले त्याचे बूट मात्र कायम ओले. एकदाचं पाणी जोखलेलं बरं, म्हणून तिनंच आज नदीवर जायची टूम काढली होती.

"तू माझ्याकडे तोंड करून बस," तो म्हणाला. "गप्पा मारता येतील."

होड्या भाड्यानं देणाऱ्या नॉरिसनं त्याच्या हाती, तळाला रेटून होडी ढकलायची लांब काठी दिली. हेटी त्याच्या पावलांकडे बघू लागली. इथं ऑक्सफर्डमध्ये वाढलेला माणूस होडीच्या उतरत्या टोकाला, आत उभा राहून काठी रेटतो. दुसऱ्या टोकाच्या चौथऱ्यावर चढतो तो केंब्रिजचा. ही गोष्ट कुणी विसरत नाही, पोहण्यासारखी ती अंगात मुरते. क्लेमला तर वडिलांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं.

तो क्षणभर उतरत्या टोकाकडे बघत राहिला. मग शांतपणे दुसऱ्या टोकाला जाऊन चौथऱ्यावर उभा राहिला.

"अहो साहेब!" नॉरिस काठावरून ओरडला. "केंब्रिजचे पाहुणे वाटतं? इथं त्या टोकाला उभं राहिलात तर बदकंसुद्धा हसतील हो!"

"हसू देत बिचारी," तो म्हणाला आणि त्यानं होडी लोटली.

हेटीचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हा कुणीतरी भुरटा ठग होता, एवढंच. क्लेम जिथं होता तिथंच होता.

तिनं डबा उघडला आणि सायीत बुडवून स्ट्रॉबेरी खाल्ल्या. त्यालाही एक दिली. नदीवर जत्रा भरली होती. पोरंपोरी पुलावरून उड्या मारत होती, परीक्षा संपलेले विद्यार्थी एकमेकांच्या होड्यांवर आदळत होते, कुणाची टोपी वाहून चालली होती. मग पूल मागं पडला, आवाज विरले आणि वळणावरचा मोठा विलो दिसू लागला. त्याच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या.

"खरं नाव काय तुझं?" हेटीनं विचारलं.

"क्लेम."

"पुरे झालं. क्लेम त्या टोकाला उभा राहायचा, उतरत्या. तू कुठून आलास, मला विचारायचं नाही. उद्या सकाळची पहिली गाडी धर. आईला काय सांगायचं ते मी बघते. मागच्या वेळीही मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

विलोच्या सावलीत शिरताना काठी गाळात रुतली. होडी पुढं सरकली, काठी त्याच्या पाठीमागं राहिली. इथं ती नेहमीच अशी रुतते. माणूस मागं वळतो आणि दोन्ही हातांनी काठी उपसतो.

तो वळला नाही. त्यानं काठी सोडून दिली. ती पाण्यात तशीच उभी राहिली आणि होडी फांद्यांच्या आत गेली. आत गार होतं.

"अरे, काठी!" हेटी म्हणाली. "मागं वळून ओढ की!"

तो चौथऱ्यावर खाली बसला, तिच्याकडे तोंड करून. त्याच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं. त्यानं उतरत्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तिथं पुन्हा उभा राहीन होय, हेटी?" तो म्हणाला. "मागच्या वेळी तिथूनच काठी काढायला पाठ वळवली, आणि तू दोन्ही हातांनी ढकललंस."