अंगठा
ट्रॅक्टर चालू झाला तर भिकाची तीन वर्षं वाचणार होती. सोमीशी लग्नाच्या बदल्यात सासऱ्याकडे पाच वर्षं राबायचं ठरलेलं, दोनच सरलेली. "ह्या लोखंडानं भाताचं खाचर नांगरलं, तं उरलेली वरसं माफ," सासरा जिव्या पाड्यातल्या लोकांसमोर हसत म्हणाला होता. राजवाड्याच्या बागेतला, संस्थानाच्या विलीनीकरणानंतर भंगारात निघालेला बुटका ट्रॅक्टर भिकाने महिनाभर चुकतमाकत जुळवला. इंजिन फिरवायच्या हँडलच्या उलट्या फटक्यात दोन दात गेले, तेव्हा कुठे ते धरायला शिकला. आज इंजिन खोकलं, जिव्याचं हसू मावळलं. "सरक." जिव्याने नांगराच्या मुठीसारखं हँडल आवळलं. "मामा, अंगठा बाहेर ठेवा." "तू माला शिकवतोस?" हँडल उलटं फिरलं, मनगटाचं हाड कातडी फाडून वर आलं. डाव्या हाताने कुऱ्हाड उचलून त्याने इंजिन फोडलं. हात जिव्याचा गेला. नांगर धरायला भिकाच उरला, हाताची भरपाई म्हणून तीन वर्षांची सात झाली.