सत्तावीस नंबरचं गाणं

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, ज्यासाठी तो जन्माला आलेला असतो. शिमोजोंचा तो क्षण बेसबॉलच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, नवांपैकी आठव्या डावात, पेलिकन्स सात धावांनी मागे असताना आला. गुणतक्त्यात पेलिकन्स सहावे होते. संघ सहाच होते.

"बदली फलंदाज, हिनात्सु," असं भोंग्यावरून पुकारलं गेलं तेव्हा फुमिए नवऱ्यासाठी संत्रं सोलत होत्या.

"अहो, तुमचा!" त्या ओरडल्या, आणि संत्रं पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीवर पडलं.

"ऐकलं मी," शिमोजो म्हणाले. त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते. ट्रम्पेट थरथरत होतं.

उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये पेलिकन्सच्या चाहत्यांचं पथक बसतं. ढोल, झेंडे आणि चार ट्रम्पेटं. प्रत्येक खेळाडूचं आपलं एक गाणं असतं. तो फलंदाजीला आला की ते वाजतं आणि सगळा स्टँड उभा राहून गातो. शिमोजोंनी पाच वर्षांपूर्वी हिनात्सुचं गाणं रचलं होतं. पथकाच्या पुस्तिकेत ते सत्तावीस नंबरला छापलेलं होतं आणि एकदाही वाजलं नव्हतं. कारण हिनात्सु तिसरा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक, होता. पहिला दुखावला आणि दुसरा दमला की तो शेवटच्या डावात झेल घ्यायला येई, आणि फलंदाजीची पाळी यायच्या आत सामना संपे. यंदा तर तो एकदाही मैदानात उतरला नव्हता.

दरवर्षी नवी पुस्तिका निघताना पोरं म्हणत, "काका, सत्तावीस काढूया का? जागा वाचेल." दरवर्षी शिमोजो म्हणत, "यंदा लागेल."

हिनात्सुमध्ये त्यांना काय दिसलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फुमिएंनी विचारलंही नाही. शिमोजो छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात उपप्रमुख होते. प्रमुख रजेवर गेले की ते प्रमुखांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसत.

आणि पुढच्या वर्षी हिनात्सुला ठेवायचं नाही, हे संघाने गुरुवारी जाहीर केलं होतं. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

हिनात्सु बॅट फिरवत बाहेर आला. स्टँड उठून उभा राहिला. ज्यांना गाणं येत नव्हतं, म्हणजे जवळजवळ सगळेच, ते पुस्तिका चाळायला लागले.

तेवढ्यात समोरच्या संघाचा प्रशिक्षक मैदानात आला आणि त्याने पिचर बदलला. नवा पिचर डावखुरा होता. हिनात्सुही डावखुरा. नवा पिचर सरावाचे चेंडू टाकू लागला आणि हिनात्सु फलंदाजाच्या चौकटीच्या बाहेर, दोन पावलांवर, उभा राहिला.

पथकप्रमुख कुरोइवा पेशाने न्हावी. माणसाच्या मानेकडे बघून त्याच्या मनातलं ओळखतो, अशी त्याची ख्याती. तो शिमोजोंच्या मागे येऊन वाकला.

"वाजवा, शिमोजोसान."

"अजून चौकटीत आलेला नाही."

"तो तिथं उभाय, तुम्ही इथं उभे आहात. आता काय मुहूर्त बघायचाय?"

"फलंदाजाचं पाऊल चौकटीत पडल्याशिवाय गाणं वाजवायचं नाही. नियम चौथा."

"कुणी लिहिला तो नियम?"

"मी."

"मग मोडा की!"

"म्हणूनच मोडता येत नाही."

कुरोइवाने फुमिएंकडे पाहिलं. फुमिएंनी हात जोडले. "माझ्याकडे नका बघू. माझ्या बाबांनी लग्नाला तोंडानं हो म्हटलं, तरी लेखी पत्र येईपर्यंत सात महिने थांबलेला माणूस आहे हा." मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, वाजवा ना. कोण तुम्हाला पकडायला येणारे?"

खाली हिनात्सुने मान वळवली आणि उजव्या स्टँडकडे पाहिलं. बॅट खांद्यावर टाकून तो पाहतच राहिला. एखादा माणूस फलाटावर आपल्याला न्यायला कुणी आलंय का बघतो, तसा.

शिमोजोंनी ट्रम्पेट ओठांना लावलं. छाती भरून श्वास घेतला. आणि तो तसाच धरून ठेवला, पाऊल पडायची वाट बघत.

पाऊल पडलं, पण ते पेलिकन्सच्या प्रशिक्षकाचं. तो संघाच्या बाकावरून उठून पंचांकडे निघाला होता. डावखुऱ्या पिचरसमोर डावखुरा फलंदाज ठेवू नये, असं पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि नव्वद सामने हरूनही त्या माणसाची पुस्तकावरची श्रद्धा ढळली नव्हती.

"हिनात्सुच्या जागी बदली फलंदाज, ओगुशी."

हिनात्सुने टोपी काढून पंचांना नमस्कार केला, मैदानाला केला, आणि आत गेला. एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही.

शिमोजोंनी धरून ठेवलेला श्वास सोडला नाही. ओगुशीचं पाऊल चौकटीत पडलं, त्याच क्षणी त्यांनी ओगुशीचं गाणं सुरू केलं. बिनचूक वाजवलं. सगळा स्टँड गात होता. ते गाणं सगळ्यांना पाठ होतं. फुमिए समोरच्या माणसाच्या टोपीवरचा संत्र्याचा रस रुमालाने पुसत होत्या आणि त्याची पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. ओगुशी तीन चेंडूंत बाद झाला.

भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं की खेळाडू सामना खेळला, असं धरतात. हिनात्सुच्या नावापुढे त्या हंगामाची अधिकृत नोंद आहे: सामने एक, खेळलेले चेंडू शून्य.